आतला ओटा

बावड्याच्या शिवारात भीमरावांचा बंगला उभा राहिला तेव्हा रस्त्यानं जाणारी माणसं मोटारसायकली थांबवून बघत होती. समोर हिरवंगार लॉन, गेटावर सिमेंटचे दोन हत्ती, आणि आत साऱ्या घराचं नाक म्हणावं असं स्वयंपाकघर. पांढऱ्याशुभ्र दगडाचा ओटा, दुधी रंगाच्या ट्रॉल्या, काचेची शेगडी, वर चिमणी. बारामतीची माणसं येऊन ते बसवून गेली होती. भीमरावांच्या एकुलत्या एका पोरानं, रणजितनं, त्याचा फोटो स्टेटसला ठेवला आणि तो आठ दिवस काढलाच नाही.

फक्त एक होतं. त्या स्वयंपाकघरात स्वयंपाक होत नव्हता.

स्वयंपाक व्हायचा मागं, पत्र्याच्या शेडात. बांधकाम चालू असताना सिमेंटची पोती ठेवायला ते शेड उभं केलं होतं. पोती संपली आणि त्यांच्या जागी भीमरावांची बायको बनाबाई आली. तिच्यामागून तिची जुनी शेगडी आली, सिलिंडर आला, भाकरीसाठी मातीची चूल आली. फोडणीच्या धुरानं ट्रॉल्या पिवळ्या पडतात, हळदीचा डाग पांढऱ्या दगडावरून जात नाही, हे बापलेकांना कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हा वास्तुशांत होईपर्यंत मागंच करू असं ठरलं. वास्तुशांत झाली. मग दिवाळीचे पाहुणे येऊन जाऊ देत म्हणाले. दिवाळी गेली, तर आता रणजितचं लग्न ठरेपर्यंत. नव्याचे नऊ दिवस असतात म्हणे, पण बनाबाईच्या वाट्याला त्यातला एकही आला नव्हता.

बनाबाई गरीब गाय नव्हती. लॉनच्या कडेला दोडका लावू द्या, मांडव घाला, म्हणून तिनं पावसाळाभर तगादा लावला होता. "बंगल्यासमोर मांडव? शोभा जाईल," म्हणून भीमरावांनी तो उडवून लावला. दोडक्याच्या बिया तिच्याकडे अजून फडक्यात बांधलेल्या होत्या. तिनं त्या फेकल्या नव्हत्या, आणि ती गोष्ट विसरलीही नव्हती.

मार्चमध्ये कन्हेरीचं स्थळ आलं. मुलगी श्रेया, बारामतीत मेडिकल दुकान सांभाळायची. मुलामुलीची पसंती झाली होती. आता रविवारी मुलीकडचे घर बघायला येणार होते. आपल्याकडे मुलगी बघण्यापेक्षा घर बघणं अवघड. पोरगं कसं का असेना, घर देखणं लागतं. त्यात हल्ली पोरांना मुली मिळत नाहीत, त्यामुळं भीमरावांना आठवडाभर झोप नव्हती.

रविवारी सकाळी बनाबाई शेडात बसून भरल्या वांग्यांचा मसाला वाटत होती. पत्रा तापला होता आणि तडतड वाजत होता. पदर मानेला चिकटला होता. रणजित दारात आला, पण आत आला नाही.

"आई, वाढायला आणशील ना, तवा हॉलमधनं येऊ नगंस. मागच्या दारानं ये. अंगाला धुराचा वास येतूय तुझ्या."

बनाबाईनं मान वर केली. पोराच्या हातात वेताची टोपली होती, आणि टोपलीत सफरचंदं, द्राक्षं, केळी, सगळी प्लॅस्टिकची.

"हे काय?"

"ओट्यावर ठेवायला. मोकळा दिसतूय ना ओटा."

बनाबाईला रडू आलं नाही. राग आला, चांगला स्वच्छ राग, बरेच दिवस आला नव्हता तसा. परसात पेरूच्या फांद्या फळांनी वाकल्या होत्या आणि हा पोरगा प्लॅस्टिकची केळी मांडायला निघाला होता! जिथं प्लॅस्टिकच्या केळ्याला जागा आहे तिथं आपल्याला नाही, हे तिला त्या घडीला लख्ख दिसलं.

ती उठली. शेगडीचा रेग्युलेटर काढला आणि सिलिंडर कलता करून गोल गोल फिरवत आत नेला. मागोमाग शेगडी, पाटा, तवा, मसाल्याचा डबा. काचेची नवी शेगडी पेटवून बघावी म्हणून तिनं खाली वाकून पाहिलं, तर तिला नळीच जोडलेली नव्हती. चिमणीचं तेच. तिचा पाईप वर गेला होता, पण भिंतीला भोक पाडलेलं नव्हतं. बारामतीकरांनी भोक कुठं पाडायचं विचारलं तेव्हा बापलेकांनीच सांगितलं होतं की पाडूच नका, भिंत खराब होईल. बनाबाईनं प्लॅस्टिकची फळं सिंकमध्ये ओतली, पांढऱ्या ओट्यावर जुनी शेगडी ठेवली, तेल तापवलं आणि मोहरी टाकली.

फोडणीचा आवाज ऐकून भीमराव धावत आले.

"अगं, काय चालिवलंयस? आज इज्जतीचा परसंग हाय!"

"म्हणून तर आत आले."

"पाव्हणे गेल्यावर कर की काय करायचं ते."

बनाबाईनं झारा खाली ठेवला. "अवो, छपरात ऱ्हात हुतो तवा तुमी म्हणलात, घर झाल्यावर तुला वटा करू. पत्र्याचं घर झालं. तवा म्हणलात, बंगला झाल्यावर. बंगला झाला, आन् समदी माणसं बंगल्यात गेली. मी तेवढी पत्र्यात ऱ्हायली. आता काय मेल्यावर ठेवणार हाय मला ह्या वट्यावर?"

तेवढ्यात गेटाबाहेर हॉर्न वाजला. पाहुणे अर्धा तास आधीच आले होते.

श्रेयाचे वडील मानसिंगराव, तिची आई आणि श्रेया. पाणी झालं, चहा झाला, आणि मंडळी घर बघायला उठली. हॉल बघितला, जिना बघितला, गच्ची बघितली. स्वयंपाकघरात आले तर धुरानं डोळे चुरचुरायला लागले. दगडावर हळदीचा तळहाताएवढा डाग, सिंकमध्ये सफरचंदं, आणि मध्ये घामाघूम बनाबाई भाकरी थापत होती.

भीमरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सावरायला गेले आणि जास्तच घसरले.

"आज जरा गडबड झाली बगा. एरवी आमी हितं काय करत न्हाय. सैपाकाला मागं येगळी सोय हाय."

"मागं?" श्रेया म्हणाली. "दाखवा की."

नाही म्हणायची सोय नव्हती. सगळी वरात मागं गेली. हात पिठाचे तसेच घेऊन बनाबाईही गेली. श्रेया शेडात शिरली आणि त्याच पावली बाहेर आली. कपाळावरचा घाम पुसत तिनं विचारलं, "इथं कोण करतं स्वयंपाक?"

भीमराव टोपी नीट करायला लागले.

"म्हणजे लग्नानंतर मी इथं करायचा का?"

"छे छे!" रणजित घाईनं म्हणाला. "तुमी आतच करायचा. त्यासाठीच केलंय की समदं."

"आणि आई?"

"ती व्हय," भीमराव हसत म्हणाले. "तिचं काय न्हाय. तिला सवय हाय."

आता हा शब्द त्यांनी काही दुष्टाव्यानं काढला नव्हता. बैलाला उन्हाची सवय असते तसं ते सहज बोलून गेले. पण बनाबाईच्या काळजात तो कुसळासारखा रुतला. पोराचं स्थळ मोडेल, हे तिला कळत होतं. गावात तिशी ओलांडलेली पोरं पारावर बसलेली ती रोज बघायची, आणि रणजितही त्यांच्यात बसलेला तिच्या डोळ्यांपुढं आला. तरीही ती पुढं झाली.

"सवय न्हाय मला. सवय लावली," ती म्हणाली. "आन् पोरी, तुझ्या आईबापादेखत सांगती. तुला आतला वटा आन् मला भाईरचा पत्रा, असं असंल तर तू ह्या घरात येऊ नगंस. मला सूनच नगं. मी काय आता परत हितं बसायची न्हाय."

मानसिंगरावांनी खोकल्यासारखं केलं. श्रेयाची आई दुसरीकडं बघायला लागली. श्रेया मात्र बनाबाईकडंच बघत राहिली. मंडळी जेवली, वांगी मागून मागून जेवली, आणि जाताना मानसिंगराव "कळवतो" म्हणाले. कळवतो म्हणजे काय, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं.

गाडी वळणाआड गेली तसे भीमराव म्हणाले, "मोडलंस. सोताच्या पोराचं मोडलंस." रणजित वर खोलीत जाऊन पडला. ते मात्र बनाबाईला लागलं.

सोमवारी ती बाजारातून आली तर सिलिंडर आणि शेगडी पुन्हा शेडात. भीमरावांनी दोन्ही उचलून नेलं होतं, आणि ओटा लिंबानं घासून ठेवला होता. बनाबाईनं सिलिंडर पुन्हा आत आणला. मंगळवारी ती अंघोळीला गेली तेवढ्यात तो पुन्हा बाहेर. तिनं पुन्हा आत आणला. सिलिंडरच्या अशा येरझाऱ्या चालल्या होत्या. भीमरावांनी तिच्याशी अबोला धरला होता. जेवणाशी मात्र धरला नव्हता.

बुधवारी दुपारी कन्हेरीचा फोन आला. भीमराव उभ्यानंच बोलले आणि फोन ठेवून ओरडले, "रणजित! पाना घेऊन ये! शिडी आण!"

बनाबाई परसात आली तेव्हा भीमराव शिडीच्या पहिल्या पायरीवर होते आणि तोंडभर हसत होते. तीन दिवसांचा अबोला कुठल्या कुठं गेला होता.

"अगं, व्हय म्हणली पोरगी! एकच अट हाय तिची. मागचा पत्रा काढा, मग सुपारी फोडू, म्हणती. आत्ता उतरवतो बग."

बनाबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला. पोराचं झालं. तिनं डोळे मिटून हात जोडले. मग डोळे उघडले आणि त्या शिडीकडं बघितलं, त्या पान्याकडं बघितलं, आणि जाऊन शेडात पाटावर बसली.

"ऊठ की. पत्रा पडंल डोक्यात."

"कुणासाठी काढताय?"

"म्हंजे? कन्हेरीकरांसाठी. आत्ता तर सांगितलं."

"मग न्हाय काढायचा."

"येडी झालीस का? तूच बोंबलत हुतीस ना, पत्रा नगं, पत्रा नगं म्हणून?"

"मी बोंबलत हुते तवा निघाला का? त्या पोरीनं अजून उंबरा वलांडला न्हाय. ती म्हणली, की लगीच तुमच्या हातात पाना. ती गुणाची हाय, तिचं काय न्हाय. पण पत्र्याखाली मी भाजले. माझ्यासाठी काढतो म्हणा, मग काढा."

"एवढ्यासाठी अडलीस?"

"व्हय. एवढ्यासाठीच."

रणजित कळवळून म्हणाला, "आबा, म्हणून टाका की."

पण भीमराव म्हणजे भीमराव. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुझ्यासाठी म्हणून त्यांनी साधं पानसुद्धा आणलं नव्हतं. "बगतोच किती येळ बसतीस," म्हणून तेही रंगाचा रिकामा डबा पालथा घालून शेडात बसले.

बनाबाईनं रणजितला आतून तवा, पीठ आणि परात आणायला लावली आणि शांतपणे चूल पेटवली. नाहीतरी दुपारच्या भाकऱ्या व्हायच्याच होत्या. भीमरावांना आजवर ताट पडवीत पंख्याखाली मिळत आलं होतं. भरदुपारी, चूल पेटलेली असताना, ते या पत्र्याखाली पहिल्यांदाच बसले होते. वरून पत्रा पोळत होता आणि समोरून जाळ. पहिल्या भाकरीला त्यांनी टोपी काढली. दुसऱ्या भाकरीला सदऱ्याची बटणं सोडली. धूर फिरून तोंडावर आला तसे ते दाराकडं सरकले, पण बाहेर गेले नाहीत. त्यांना बनाबाईचे हात दिसले, तव्याच्या कडेनं जागोजागी पोळलेले. काही डाग जुने होते, काही या उन्हाळ्यातले.

तिसरी भाकरी तव्यावर पडली तेव्हा ते खाली बघून काहीतरी पुटपुटले.

"आयकू आलं न्हाय," बनाबाई म्हणाली.

"तुझ्यासाठी काढतो गं!" भीमराव ओरडले. "तुझ्यासाठी! कन्हेरी गेली खड्ड्यात! चुकलं माझं. आता तरी ऊठ, जीव जाईल माझा हितं!"

बनाबाई लगेच उठली नाही. तव्यावरची भाकरी काढून निखाऱ्यावर धरली, टम्म फुगू दिली, मग चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं.

"काढा," ती म्हणाली. "सांगाडा तेवढा ऱ्हाऊ द्या. त्याच्यावर दोडका चढवायचाय मला."

आणि भाकऱ्यांची परात कमरेवर घेऊन, अंगाला धुराचा वास तसाच घेऊन ती निघाली. मागचं दार समोर उघडं होतं. ती त्यातून गेली नाही. घराला वळसा घालून, लॉन तुडवत, पुढच्या दारानं, हॉलमधल्या सोफ्यांच्या मधून ती आपल्या ओट्याकडं गेली.