मांजरपाटाची चड्डी

लिंबाजी तीस वर्षं कालव्यावर चालले. पाटबंधारे खात्यात ते कालवा राखायला होते. कुठं पाझर फुटला, कुठं गेट अडलं, हे बघत रोज तीन-चार कोस व्हायचे. निवृत्त झाल्यावरही ही सवय गेली नाही. सकाळी उठून झरी गावाच्या बाहेर पडायचं आणि कालव्याच्या कडेकडेनं निघायचं. पाण्याच्या चालीनं चाललं की आपण चालतोय असं वाटतच नाही, काठच हळूहळू मागं सरकतो, असं ते म्हणायचे. त्यांची बायको सुलाबाई ते ऐकून घ्यायची. ती त्यांच्या चड्ड्या शिवायची.

एवढं चालणाऱ्या माणसाच्या मांड्या घासतात. दुकानातली चड्डी लिंबाजींना दोन-तीन महिन्यांवर पुरत नसे, आणि पुरली तरी सोलून काढायची. म्हणून सुलाबाई घरच्या पायमशीनवर मांजरपाटाच्या, त्या जाड्याभरड्या सुती कापडाच्या, शिवून द्यायची. ढगळ, नाडीच्या, गुडघ्याच्या वर चार बोटं येणाऱ्या. धुऊन धुऊन त्या सायीसारख्या मऊ होत आणि तरी फाटत नसत.

सुलाबाई गेली तेव्हा अशा तीन चड्ड्या मागं राहिल्या. दीड वर्षात दोन विरल्या. तिसरीच्या मधल्या शिवणीतून उजेड दिसायला लागला, तेव्हा लिंबाजी परभणीला जाऊन चार दुकानं फिरले. मांजरपाट मिळालं, पण तशी तयार चड्डी कुणाकडंच नव्हती. एका दुकानदारानं सांगितलं की हे असलं घालणारी माणसंच आता उरली नाहीत. लिंबाजींची मुलगी सुकेशनी पाथरीला शाळेत शिकवायची. दुसरा इलाज दिसेना म्हणून तिनं ऑनलाइन मागवून पाठवल्या. कापड गुळगुळीत होतं, इलास्टिक रुंद होतं, आणि कालव्यावर पहिल्याच दिवशी लिंबाजींना अर्ध्या वाटेतून परतावं लागलं. त्यानंतर आठ दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. दुपारी खाटेवर पडलं की त्यांना आपण पाण्याशेजारून चाललोय असा भास व्हायचा. डोळे उघडले की छताचे पत्रे दिसायचे.

गल्लीत रोहिणी नावाची मुलगी ब्लाऊज शिवायची. तिला चड्डी शिवून मागायची लिंबाजींना लाज वाटत होती. मग त्यांनी वेगळी वाट काढली. तिच्या दारात जाऊन ते म्हणाले की सुलाबाईची मशीन नुसती पडून आहे, मला थैल्या शिवायला शिकव.

रोहिणीनं दोन दुपारी त्यांना मशीनचा पायटा मारायला, बॉबीन भरायला, सरळ टीप घालायला शिकवलं. मशीन एका लयीत चालायला लागली की लिंबाजींचे डोळे अर्धवट मिटायचे. सुई खालीवर व्हायची, कापड आपसूक पुढं जायचं, आणि घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. तिसऱ्या दुपारी त्यांनी खडूनं कापडावर काढलेली आकृती रोहिणीला दिसली. ती बराच वेळ बघत राहिली.

"मामा," ती म्हणाली, "थैलीला नाडी असती. पाय नसत्यात."

लिंबाजींनी खडू खाली ठेवला. मग उठले, पेटीतून ती शेवटची चड्डी काढली आणि हिला नऊ वर्षं झाली, असं सांगत तिच्यापुढं ठेवली. रोहिणी हसली नाही. तिनं चड्डी उलटी करून उजेडात धरली, आणि अशी शिवायची असेल तर ही उसवून माप घ्यावं लागेल, असं सांगितलं.

लिंबाजींनी दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच ब्लेड घेऊन रोहिणीच्या दारात येऊन बसले. एकेक टाका रोहिणीनं दाखवला तसा त्यांनी उचलला. कापडाच्या कच्च्या कडा आत दुमडून सुलाबाईनं वरून दुसरी टीप घातली होती, म्हणून मांडीला कधी काही टोचलं नव्हतं. दोन पायांच्या मधे चौकोनी तुकडा होता. त्याला कळी म्हणतात, हे त्यांना तेव्हा कळलं. कळी निघाली तशी तिच्याखाली आणखी एक टीप दिसली, जुन्या टाक्यांची भोकं दिसली.

रोहिणी वाकून बघत होती. कळीचं कापड कमी धुतलेलं होतं. पायाच्या आतल्या बाजूचं वेगळंच होतं. नाडीची पट्टी तर अगदी अलीकडची.

"ही नऊ वर्षांची हाय म्हणायलाव ना तुमी?" ती म्हणाली. "मामा, हिच्यातलं नऊ वर्षांचं लय थोडं हाय. मामीनं तीन-चार बारी तुकडे बदललेत. विरायच्या आधीच."

लिंबाजींच्या मांडीवर ते तुकडे पसरले होते. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं की मांजरपाटच चिवट. ते चार दुकानं फिरले होते त्या चिवट कापडाच्या चड्डीसाठी. चड्डी वाळत घातलेली त्यांनी पाहिली होती, घडी करून ठेवलेली पाहिली होती, पण सुलाबाईच्या हातात उसवलेली कधीच पाहिली नव्हती.

पहिली चड्डी शिवायला त्यांना आठ दिवस लागले. एक पाय दोन बोटं लांब झाला आणि कळी तिरकी बसली. तरी ती घालून ते सकाळी निघाले. पाण्यावर धुकं होतं. पुलापर्यंत गेले, पुढं गेले, पुढच्या गेटापर्यंत गेले, आणि मांड्यांची आठवण त्यांना परतल्यावर झाली. आल्यावर त्यांनी चड्डी स्वतः धुतली. रोहिणीनं सांगितल्याप्रमाणं पिळली नाही, गरम पाण्यात घातली नाही, उलटी करून सावलीत टाकली. दर महिन्याला ती उजेडात धरून बघायची, हेही ठरवलं.

सुट्टीत सुकेशनी आली तेव्हा ते तिसरी शिवत होते. त्यांनी तिला कळीची गोष्ट सांगितली. ती दारातच टेकली.

"मला ठाऊक होतं, बाबा," ती म्हणाली. "सुट्टीत आले की तुकडे मीच कापून द्यायची. माय म्हणायची, बाबाला सांगू नको. ते म्हणतील, कशाला डोळे फोडायलीस, नवी आणतो. अन् नवी त्यान्ला सोसत न्हाई."

लिंबाजींनी पाय थांबवला. त्यांनी विचारलं, "ती हे कधी करायची?"

"तुमी चालायला गेले की."

त्यांनी मान हलवली. चष्मा पुसला. मग पुन्हा पायटा मारला. कापड पुढं सरकत होतं आणि मशीनच्या पलीकडं लोंबायला लागलं होतं. सुकेशनी उठून त्या बाजूला गेली आणि ते जमिनीला लागू नये म्हणून तिनं दोन्ही हातांवर धरलं.