शालीचा गुलाबी

आईची शाल आईबरोबरच गेली. शेवटची पांघरली ती तशीच राहू दे, असं ताई म्हणाली, आणि मग आठवणीतून तिनं ती जलरंगात उतरवली: रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर टाकलेली, दशा खाली लोंबणाऱ्या. रंग इतका नेमका आला होता की धाकटी बहीण, जिला साठी उलटली तरी सगळे बारकीच म्हणत, चित्राला नाक लावून वास घेऊन आली.

पुढं ताईच्या उजव्या हातावरून वारं गेलं आणि चित्रं थांबली. एके दिवशी तिनं ते चित्र चौकटीतून काढायला लावून बारकीच्या हातात दिलं.

"हे लोकरीत भर. पाण्याचे रंग काही टिकायचे नाहीत. उद्या आपण नसलो की आईचा रंग कुणाला ठाऊक असणार?"

"ताई, मी वाट लावीन गं त्याची."

"लाव. पण लोकरीत लाव."

ताईची चित्रं जाळीच्या कापडावर उतरवून लोकरीनं भरायची, ही बारकीची जुनी हौस. तिची रीत ठरलेली होती. चित्र खिडकीच्या काचेवर धरायचं, वर कापड ठेवायचं आणि मागून येणाऱ्या उजेडात पेन्सिलीनं रेषा काढून घ्यायच्या. एरवी रेषा झाल्या की चित्र परत जायचं. या खेपेला तिनं ते खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलं, चारही कडांना रुंद चिकटपट्टी मारून. रंगाला रंग लावून बघायचा तर तो उजेडातच, असं तिचं म्हणणं. लोकर तिनं चित्र दुकानात नेऊनच निवडली होती. दशांपासून सुरुवात करून ती वर वर भरत चालली.

थंडी सरली. ऊन खोलीत आतपर्यंत येऊ लागलं. शाल निम्मी झाली तेव्हा तिला लोकर खटकायला लागली.

"अहो, जरा बघा ना. भडक नाही वाटत?"

नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली केलं. "मला विचारतेस? सकाळपासून माझा एक मोजा निळा आहे नि एक काळा. सांगितलंस का तू?"

चित्र ताईचं, डोळा आपला. चूक कुणाची असणार, हे बारकीनं मनाशी ठरवूनच टाकलं. तिनं कात्रीच्या टोकानं टाके उसवले, धागे केरात टाकले, उरलेल्या लड्या दुकानात देऊन फिक्या आणल्या. काही आठवड्यांनी त्याही गडद दिसू लागल्या. पुन्हा उसवलं, पुन्हा बदलल्या.

"नजरच गेली माझी," ती नवऱ्याला म्हणाली.

काम पुरं झालं तेव्हा चित्र परत करायला म्हणून तिनं भिंतीवरची पट्टी हलक्या हातानं सोलली. पट्टीखाली चित्रातल्या भिंतीचा निळा होता, चांगला दाट. त्याच्या आत सगळा उन्हानं उडालेला, धुतल्यासारखा. ती चित्र हातात धरून पलंगावर बसली. शाल चित्राच्या मधोमध होती. तिथं पट्टी कुठून असणार?

दुसऱ्या दिवशी ताईनं भरतकाम मांडीवर पसरून डाव्या हातानं कुरवाळलं.

"टाके फार सुरेख आलेत. कुणाची शाल गं ही?"

बारकीनं सगळं सांगितलं. ताई ऐकत राहिली.

"म्हणजे पहिली लोकर बरोबर होती."

"हो."

"मग उसवलीस कशाला?"

"तुझं चित्र तसं सांगत होतं."

"चित्र सांगत होतं! अगं, त्या शालीत गुरफटून झोपायचीस तू. मी नाही. मी आपली लांबून बघायची. चल, दुकानात जाऊ."

दुकानदारानं लोकरीचा खण बाहेर ओढला. आत सगळे गुलाबी एकमेकांत घुसून बसले होते.

"परत आलेल्या लड्या यातच टाकतो मी. आता कुठली तुमची, ते तिलाच विचारा. बोलली तर मलाही सांगा."

बारकीनं खण ढवळला. एक लडी तिच्या बोटांत आली आणि तिथंच राहिली. ती दारापाशी जाऊन बघून आली. हीच, असं तिला वाटलं. तेवढ्यात ताईनं खणातून एक उचलली, जरा उजळ.

"ही बघ."

बारकीनं आपली लडी हळूच खणात सोडली. "हो ताई. हीच."

"नक्की ना?"

"तू म्हणतेस म्हणजे काय!"

"मी कुठं म्हणतेय?" ताई म्हणाली. "चित्र काढलं तेव्हा होतं डोळ्यांपुढं. आता डोळे मिटले तर नुसती खुर्ची दिसते. म्हणून तर तुला आणलं, बारके. तुझ्या हातात होती ती कुठली?"

बारकी खणावर वाकली. तिनं एक लडी उचलली, ठेवली, दुसरी उचलली. दुकानदारानं दिवा लावला. तसे सगळेच गुलाबी थोडे पिवळट झाले.

"सापडेल," ताई म्हणाली. "सावकाश बघ."