रविवारचा उपास

"एवढं सगळं माणसाच्या पोटात असते काय व?" दुर्गाबाईनं भाकरी थापता थापता विचारलं.

शालूनं जमिनीवर तक्ता पसरला होता. ती अकोल्याच्या शाळेत शिकवायची आणि रविवारी बडनेऱ्याला आईबापाकडे यायची. पचनसंस्थेचा हा तक्ता तिनं स्वतः काढला होता. रंगवायचा राहिला म्हणून सोबत आणला होता. जठर लाल झालं होतं, यकृत तपकिरी.

"लहान आतडंच वीस फूट असते, आई."

"म्हणून त तुह्या बापाचं पोट भरत नाही!"

"माह्या पोटावर कावून उठली?" श्रावण दारातून म्हणाला. रेल्वेत गँगमन होता तो, रविवारी सुट्टी.

दुर्गाबाई पिठाच्या हातानंच जवळ आली. तिचं बोट तक्त्यावर गळ्यापासून सरकत छातीच्या मध्यावर थांबलं.

"अन् घास इथंच अडकला त?"

"अडकत नाही. ही अन्ननलिका आवळत आवळत त्याले खाली ढकलते. माणूस डोक्यावर उभा राहिला, तरी घास पोटातच जाते."

"पाह्यतो मंग उभी राहून," दुर्गाबाई हसली.

श्रावण हसला नाही.

तिनं दोनच ताटं वाढली. शालूचा हात थांबला. "तुहं?"

"माहा रविवार हाये ना."

गेले काही महिने हेच चाललं होतं. सहा वर्षांपूर्वी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर वलगावच्या घरातले देव ह्याच बाईनं टोपलीत घालून पेढी नदीत सोडले होते. तेव्हा ती रडलीसुद्धा नव्हती. आता तीच सूर्यनारायणासाठी दिवसभर चहावर राहायची. अंगावर मांस उरलं नव्हतं.

"देव सोडले ना आपण, आई?"

"सोडले."

"मंग हा उपास कोनाचा? मी तिकडं बायांना सांगतो, हे सगळं टाकून द्या. अन् माही आईच चोरून देव पुजते! बेइमानी हाये ही."

श्रावणनं मान वर केली. दुर्गाबाईनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानं पुन्हा ताटात मान घातली.

"जेव बाई," ती शालूला म्हणाली. "वरण थंडं होऊन राहिलं."

शालू रागातच निघाली. तक्ता तिथंच राहिला. आई मागून "खिडकीपाशी बसजो" म्हणाली, तेव्हा तिनं वळून पाहिलं नाही.

मंगळवारी शाळेत तार आली. दुर्गाबाईला रक्ताची उलटी झाली होती. शालू पोचली तोवर सगळं संपलं होतं.

माणसं पांगल्यावर शालूनं फळी धुंडाळली, पेटी उपसली, धान्याच्या डब्यांत हात घातला.

"काय शोधून राहिली?" श्रावणनं विचारलं.

"तिचा देव. पेढीत सोडून येतो."

"देव नव्हता, बाई." तो भिंतीला टेकून खाली बसला. "घास उतरत नव्हता तिच्या गळ्याखाली. आधी भाकर बंद झाली, मंग भात. अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणे, नळीत गाठ हाये, लय उशीर केला. पातळ पेज पाजत होतो मी."

"अन् रविवार?"

"रविवारी तू येत होती ना. म्हणे, शालूनं पाहिलं त नोकरी सोडून घरी बसन. उपास म्हणलं की पोरगी भांडन, पण इचारनार नाही."



"मी तिले बेइमान म्हणलं. तुमी तिथंच बसून होते, बाबा."

"तिनं शब्द घेतला होता माह्याकडून."

खुंटीला अडकवलेला तक्ता तिनं काढून पसरला. अन्ननलिका रंगवायची राहिली होती. त्या पांढऱ्या नळीवर, छातीच्या मध्यावर, बोटाएवढा पिठाचा डाग वाळला होता. आई ह्याहून स्पष्ट काय सांगणार होती? पण ते तिनं शाळेतल्या बाईंना विचारलं होतं, लेकीला नाही. आणि शालूनंही बाई होऊन नुसता धडा शिकवला होता.

शेजारच्या मैनानं भाकरी आणून ठेवली होती. श्रावणनं भाकरीचे दोन तुकडे केले आणि मोठा शालूपुढे सरकवला.

"खाय."

बापापुढे तिनं आजवर आवाज चढवला नव्हता. तक्त्यावरची नजर न काढता ती मोठ्यानं म्हणाली,

"पाहुनी केलं तुमी मले. दोघांनी मिळून. घरच्या माणसाले सांगते माणूस, बाबा."