हौश्याचं हाड

माझे सासरे शहादेवमामा कशालाच नाही म्हणत नाहीत. म्हणून शेततळ्याला ते नाही म्हणाले तेव्हा घरातले सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. तळं नदीकाठच्या खालच्या पट्टीत घ्यायचं होतं आणि तिथं हौश्या पुरलेला होता.

हौश्या हा आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाई रुक्मिणीबाईंचा बैल. लग्न होऊन वडवणीजवळच्या या गावात आल्या, त्या एक वासरू घेऊनच. आई मेलेलं ते वासरू त्यांनी बोटानं दूध चाटवून जगवलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात त्या बाळंतपणाला माहेरी गेल्या. माझ्या नवऱ्याला, अजिनाथला, घेऊन परतल्या तर दावण रिकामी. हौश्या गेला, खालच्या पट्टीत पुरला, असं मामांनी सांगितलं. तेव्हापासून दर पोळ्याला तिथल्या दगडांच्या ढिगावर पुरणपोळीचा नैवेद्य जातो. लग्नानंतर ते काम माझ्या गळ्यात पडलं. चिखल तुडवत, हातात ताट घेऊन. मेलेल्या बैलाचे एवढे लाड कशाला, असं मी मनात शंभरदा म्हटलं असेल. खोटं कशाला बोलू?

अजिनाथनं शेवटी वडिलांचं ऐकलं नाही. मे महिन्यात जेसीबी लागला आणि दोन पुरुष खोलीवर एक हाड निघालं. दोन्ही टोकं तुटलेली, तरी माझ्या कमरेला लागेल एवढं. उचलायला तिघं लागले.

"ह्ये काय बैलाचं हाड न्हाई," शेजारचा बिभीषण म्हणाला.

"तू माझ्या हौश्याला बघितलंतं का?" आत्याबाई त्याच्यावर खेकसल्या. "लई थोराड व्हता त्यो." मग त्या मातीत बसल्या, हाड मांडीवर घेतलं आणि मोकळ्या आवाजात रडल्या. मामा बांधावर उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, केवढी ही माया!

बातमी पसरली तशा विद्यापीठातून जुन्या हाडांचा अभ्यास करणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम आल्या. ब्रशनं माती झाडून त्यांनी हाड मोजलं, पुन्हा मोजलं.

"आजी, हे हत्तीचं आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आजच्या हत्तीचं नाही. आज जमिनीवर हत्तीएवढं मोठं जनावर नाही, हा त्याच्याहूनही मोठा. सस्तन प्राण्यांत त्याच्या तोडीचा बिनशिंगाचा एक गेंडाच काय तो होऊन गेला. हजारो वर्षांपूर्वी हे हत्ती या नदीवर पाणी प्यायला येत असतील. आता त्यांच्यातला एकही उरला नाही."

आत्याबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग मामांकडं वळल्या.

"मंग माझा हौश्या कुठं हाय?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा मामांना रडताना पाहिलं.

"पुरला न्हाई," ते म्हणाले. "छपराचा कडबा बी खाऊन संपला व्हता. माझ्याच्यानं त्याची उपासमार बघवंना. तेलगावच्या पुढं रानात सोडून आलो. मागं मागं यायला लागला. दगड मारला, तवा थांबला. मी वळून बघितलं न्हाई. तुला काय तोंड दाखवू म्हणून हितं दगडं रचली."

"दगड कुठं लागला?"

"कपाळाला."

आत्याबाई हौश्याला रोज तिथंच कुंकू लावायच्या. त्यांनी पदरानं हाडावरची माती पुसली, ते मॅडमच्या स्वाधीन केलं आणि घराकडं चालू लागल्या. पोळ्यापर्यंत त्या मामांशी एक शब्द बोलल्या नाहीत. मला मामांचा राग आला होता. त्याहून जास्त माझाच आला होता. मी चिखलाची कुरकुर करत राहिले, आणि पन्नास वर्षं या माणसाच्या घशाखाली पोळ्याची पोळी कशी उतरली असेल, हे मला दिसलंच नव्हतं.

पोळ्याच्या सकाळी आत्याबाईंनी पुरण स्वतः वाटलं. ताट वाढलं, फडक्यात बांधलं. मी हात पुढं केला, तर त्यांनी मला बाजूला सारलं आणि ताट मामांच्या हातात दिलं.

"एस्टीनं जावा. जिथं सोडला तिथं ठिवा," त्या म्हणाल्या. "आन् निघताना आवंदा तरी वळून बघा."