शटडाउनच्या आठवड्यातले फोटो

सात अल्बम, तीन पेन ड्राइव्ह आणि आईचा जुना मोबाइल. अल्बममध्ये १६८ फोटो, त्यातले अकरा प्लॅस्टिकला चिकटून खराब झालेले. पेन ड्राइव्ह आणि मोबाइल मिळून ९४२, पण त्यात एकाच दृश्याचे चार-चार, पाच-पाच होते. ते काढल्यावर ३२७ उरले. वर्षं बावीस, २००३ ते २०२४. सहली वीस, कारण करोनाची दोन वर्षं आम्ही कुठेच गेलो नव्हतो.

मोजदादीचं कारण साधं होतं. बाबा ऑगस्टमध्ये निवृत्त झाले आणि आईला सगळ्या सहलींचा मिळून एक अल्बम करून हवा होता. मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन चाकणच्या एका लॅबमध्ये काम करते. कारखान्यांतली मोजमापाची साधनं बरोबर मोजतात की नाही, ते आम्ही तपासतो. त्यामुळे घरात काही मोजायचं, लावायचं असलं की ते माझ्याकडे येतं.

बाबा एकतीस वर्षं प्रेसशॉपमध्ये होते. पत्रा दाबून गाड्यांचे भाग बनवणारे मोठाले प्रेस, दर चार सेकंदांना एक ठोका. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दुरुस्तीसाठी सगळी कंपनी बंद असायची. त्याला सगळे शटडाउन म्हणत, आणि कासारवाडीतली आमची अर्धी बिल्डिंग त्याच आठवड्यात बाहेरगावी निघायची. सहल म्हणजे शटडाउन, हे मी आणि माझा भाऊ संघर्ष शाळेत जायच्या आधीच शिकलो होतो.

ते आठवडे फार चांगले गेले. अजिंठ्याला बाबांनी मला खांद्यावर घेऊन छतावरची चित्रं दाखवली होती. हरिहरेश्वरला ते पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून लाटेत उभे राहिले आणि डब्यातल्या चपात्या भिजल्या. आईने त्या दगडावर वाळत घातल्या, तर कावळ्यांनी नेल्या. सांचीला जाताना गाडी साडेपाच तास उशिरा होती. तेवढ्या वेळात फलाटावर बाबांनी आम्हाला प्रेसशॉपची भाषा शिकवली. तिथे आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून कामगार हातांनी बोलतात. मूठ दोनदा ओठांशी नेली की चहा. मनगटावर दोन बोटं म्हणजे वेळ संपली. तळहात आडवा धरला की थांब. पुढे प्रत्येक सहलीत हा आमचा खेळ झाला. जीपमध्ये बाबा पुढच्या सीटवर मागे वळून बसायचे, आम्ही मागून हातवारे करायचो आणि ड्रायव्हर चक्रावून जायचा.

यंदा ऑक्टोबरमध्ये मी विचारलं, "बाबा, डिसेंबरला कुठे?"

"मला आता कसला शटडाउन?" बाबा म्हणाले. "आमचं मशीन कायमचंच बंद. तुम्ही जाऊन या."

मी हसले. आई हसली नाही. ती भाजी निवडत होती. तिचं माहेर देहूजवळचं, चिडली की माहेरची भाषा बाहेर येते.

"न्हाई म्हणत्यात तर ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मलाबी हौस न्हाई. मागल्या साली फिटली."

बाबा गॅलरीत गेल्यावर मी तिला पुन्हा विचारलं. मागच्या डिसेंबरला आम्ही लेण्याद्रीला गेलो होतो. उतरताना आईचा पाय मुरगळला आणि ती पायरीवर बसली, एवढं मला माहीत होतं. मी आणि संघर्ष तेव्हा वर लेण्यात होतो.

"ते म्होरंच हुते," आई म्हणाली. "धा-बारा पायऱ्या म्होरं. तीनदा हाक मारली मी. येकदाबी वळलं न्हाईत. सरळ उतरत गेलं. आदल्या राती आमचं वाईच वाजलं हुतं, त्याचा राग. मी म्हणलं, आता काय, पडले तरी न्हाई बघायचं ह्यांनी." तिने देठ मोडून ताटलीत टाकला. "तीस वर्सं झाली लग्नाला."

वर्षभर ती हे मनात धरून होती.

अल्बमचं काम त्यानंतर मी रोज तासभर करत होते. प्रत्येक सहलीचा एक तरी फोटो असा हवा होता ज्यात सगळे आहेत आणि बाबा उभे आहेत. असे फोटो वेगळे काढले तर चौऱ्याण्णव निघाले. ते वर्षाप्रमाणे लावताना मला एक गोष्ट दिसली. २०१० पर्यंतच्या एकतीस फोटोंत बाबा कुठेही उभे आहेत. नऊदा उजव्या टोकाला, दहादा डाव्या, बारादा मध्ये. २०११ पासूनच्या त्रेसष्ट फोटोंपैकी अठ्ठावन्नमध्ये ते उजव्या टोकाला आहेत. योगायोगाने तिथे एकवीसच्या आसपास वेळा यायला हवे होते.

फोटोत उजवं टोक म्हणजे बाबांच्या डाव्या हाताला कोणीच नाही. सगळी माणसं त्यांच्या उजव्या बाजूला. मी ऊन कुठून येतंय ते तपासलं, बॅग कुठल्या खांद्यावर आहे ते पाहिलं. काही जुळेना. मग उरलेले पाच फोटो एकाखाली एक ठेवले. पाचही फोटोंत बाबांच्या डावीकडे एकच माणूस होता. किसनकाका, प्रेसशॉपमधले त्यांचे जोडीदार. ते तीन सहलींना सहकुटुंब आमच्याबरोबर होते.

रविवारी सकाळी मी कुरुळीला किसनकाकांच्या घरी गेले. ते मूळचे लातूरकडचे, नोकरीची अजून दोन वर्षं बाकी. मी पाच फोटो त्यांच्यापुढे ठेवले आणि विचारलं, "काका, बाबांना डाव्या कानानं ऐकू येत नाही का?"

काकांनी फोटो हातात घेतले. "हे बघ, केस होते की मला तवा." मग म्हणाले, "काय काय शोधायलीस पोरी. तुझ्या बापानं चौदा वर्सं लपवलं, आन् तू फोटोवरनं काढलंस व्हय."

"म्हणजे खरंय."

"डावा तर गेलाच. उजवाबी चाललाय."

"पण कंपनीत दरवर्षी कान तपासायचे ना? सगळे कागद आहेत घरी. सगळीकडे ठीक लिहिलंय."

काका उठले, दार लोटून घेतलं. "ती केबिन असती बघ, काचेची. आत माणूस कानाला हेडफोन लावून बसतो, आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर बाई मशीन घेऊन बसती. आवाज सोडला की तिच्या मशीनवर बारका लाल दिवा लागतो." त्यांनी डोक्यावर नसलेली टोपी बोटाने सरकवली. "मी तिच्या मागं उभा. दिवा लागला की टोपीला हात. तुझा बाप, खंडू, बटण दाबायचा. चार-पाच चुकवायचा मुद्दाम, संशय नको म्हणून."

"का पण?"

"कान गेला म्हणलं की लाइनवरून काढून स्टोअरला टाकायचे. सोळा जणांची गँग होती आमची, त्यातनं कोणाला जायचंय? माझ्या वेळेला त्यो उभा राहायचा." ते माझ्याकडे बघत नव्हते. "आमाला वाटायचं, दोस्ती निभावतोय."

मग मी त्यांना लेण्याद्रीचं सांगितलं. तीन हाका, आईचा मुरगळलेला पाय, आणि आईला काय वाटतं ते. काकांनी खुंटीवरचा शर्ट घातला.

"चल. वहिनीला मीच सांगतो."

आम्ही पोहोचलो तेव्हा बाबा पेपर वाचत होते आणि आई त्यांच्या मागे कपड्यांच्या घड्या घालत होती. किसनकाका समोर जाऊन उभे राहिले. नमस्कार नाही, काही नाही. त्यांनी बोट टोपीला लावल्यासारखं केलं, मग आईकडे दाखवलं, मग तळहात उघडा केला. ही शेवटची खूण मला माहीत नव्हती. बाबांना कळली. त्यांनी पेपरची घडी केली आणि चष्मा काढला.

काकांनी आईला सगळं सांगितलं. आई घड्या घालतच होती. सांगून झालं तेव्हा तिच्या हातात उशीचा अभ्रा होता, त्याची तिने चौथ्यांदा घडी घातली.

मग ती बाबांच्या समोर आली, खुर्ची ओढून बसली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "लेण्याद्रीला मी तीनदा हाक मारली हुती."

"नाही आली गं," बाबा म्हणाले. "खाली गेलो, मागं बघितलं, तर तू बसलेली. मला वाटलं दमलीस. पुन्हा चढून आलो तर तू बोलायलाच तयार नाही."

"मला वाटलं, ऐकून गेलात."

बाबांनी नकारार्थी मान हलवली.

"घरात कसं न्हाई कळलं मला?" ती मला म्हणाली, त्यांना नाही. पण उत्तर आम्हा दोघींनाही माहीत होतं. आमच्या घरात कोणी कोणाला लांबून हाक मारतच नाही. प्रेसशॉपच्या माणसाचं घर. सगळे मोठ्याने बोलतात, जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवून बोलतात, आणि गर्दीत असलो तर हातांनी. आम्हाला वाटायचं, ही बाबांनी आम्हाला लावलेली सवय आहे. होती तशीच. फक्त ती कशासाठी लावली, ते ठाऊक नव्हतं.

"सांगायचं तरी," आई म्हणाली.

"सांगून काय? सहलीला मी पुढं असतो. तिकीट मी काढतो, रस्ता मी विचारतो, पोरं मी मोजतो. सांगितलं असतं तर तुम्हीच मला मोजत बसला असता. लेण्याद्रीला तू पडलीस आणि मला पत्ता नाही. म्हणून म्हटलं, आता नको. उद्या पोरांपैकी कोणी हाक मारली तर?"

किसनकाका दारात उभे होते. "खंडू राव," ते म्हणाले, "पोरं घोड्याएवढी झाली. तीच आता तुला वढत न्हेतील." कोणी हसलं नाही. काकांनी चहा न घेता निघायचं म्हटलं. बाबांनी मूठ दोनदा ओठांशी नेली, तेव्हा बसले.

पुढच्या आठवड्यात पिंपरीत बाबांची खरी तपासणी झाली. मी बाहेर बसले होते, काचेकडे पाठ करून. उजवा कान ४८ डेसिबल, डावा ७१; आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, गेलेलं परत येत नाही, कानाची यंत्रं बसवू. ती जानेवारीत येतील. आधी बारीक आवाज जातात आणि जाड राहतात, हेही त्यांनी समजावलं. म्हणजे समोरचा बोलतोय हे कळतं, पण स, श, त गळतात, आणि माणूस उरलेल्या तुकड्यांवरून वाक्य जुळवत बसतो. बाबा म्हणाले, "बरोबर. संघर्षचं नाव मला नुसतं 'घर' असं ऐकू येतं."

सहल जानेवारीनंतर करू, असं मी सुचवलं. आई म्हणाली, "न्हाई. आपला आठवडा हाय, त्याच आठवड्यात." लांब नको म्हणून भाजे ठरलं. मी आठ वर्षांची असताना तिथल्या चैत्यात आम्ही चौघांनी बुद्धवंदना म्हटली होती आणि शेवटचा शब्द छताखाली घुमत राहिला होता.

२७ डिसेंबरला आम्ही कासारवाडीहून लोकलने मळवलीला उतरलो. संघर्षला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून तिघंच. एक्स्प्रेस वेवरचा पूल ओलांडला, गाव मागे टाकलं आणि लेण्याच्या पायऱ्या सुरू होतात तिथे आई थांबली.

"मैत्री," ती मला म्हणाली, "मला चढायला वेळ लागतो. मी ह्यांच्या मागंच ऱ्हाणार. किती मागं ऱ्हायले तर ह्यांना ऐकू जाईल, ते मोजून दे."

"अगं, आपण हात धरून जाऊ," बाबा म्हणाले.

"तुमाला म्होरं चालायचं असतं ना? चाला. मला आकडा पायजे."

बॅगेत पाच मीटरची स्टीलची टेप होती. बाजूच्या सपाट वाटेवर मी दर अर्ध्या मीटरला एक खडा ठेवला, दहा मीटरपर्यंत. बाबा पहिल्या खड्यावर आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. ऐकू आलं तर वळायचं, एवढंच. हाक कधी येणार हे त्यांना कळू नये म्हणून मी मध्ये वेगवेगळा वेळ सोडत होते. आईने नेहमीच्याच आवाजात हाक मारायची होती.

दहा मीटरवरून ती म्हणाली, "अहो." बाबा तसेच उभे. आठवर तसेच. सहावरही. आईने माझ्याकडे पाहिलं. मी पुढचा खडा दाखवला.

एकदा मी तिला गप्प राहायची खूण केली, कारण हाक नसताना ते वळतात का हेही तपासायला हवं होतं. तीस सेकंद गेले. बाबा वळले.

"मी बोललेच न्हाई," आई म्हणाली.

"मला वाटलं मारलीस हाक."

तो प्रयोग मी बाद धरला. खाली महामार्गावरून ट्रक जात होते, ते कमी होईपर्यंत थांबलो. पाच मीटरवर एकदाही नाही. चारवर तीनपैकी एकदा. साडेतीनवर दोनदा. मग आई आणखी एक खडा पुढे आली, पदर खांद्यावर घेतला आणि तितक्याच साध्या आवाजात पाच वेळा हाक मारली.

तीन मीटर. पाचपैकी पाच.