उण्यातला आकडा

हाडांच्या तपासणीचा रिपोर्ट हातात पडला आणि आजीचा चेहरा उतरला. "गेल्या वर्षी उणे दोन पूर्णांक आठ होतं, आता उणे दोन पूर्णांक तीनच! आकडा घसरला तर रोज इंजेक्शन, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या."

शेजारी बसलेल्या नातीनं रिपोर्ट ओढून घेतला. "आजी, उण्याच्या घरात लहान दिसतो तो मोठा. तूच शिकवलंस, तेही माझा कान पिरगाळून!"

आजीनं रिपोर्टच्या पाठीवर संख्यारेषा काढली आणि शून्यापासून मागे दोनदा मोजून पाहिलं. हाडं शून्याच्या, म्हणजे निरोगी आकड्याच्या, जवळ सरकली होती.

टेबलापलीकडे बसलेल्या डॉक्टरीणबाई हसल्या. "इंजेक्शन नको. गोळ्या आणि चालणं चालू ठेवा."

"चालते की," म्हणत आजी नातीकडे वळली. "पण आधी माझा कान धर गं."