शेवग्याचा पाला

सालूदने लेकीच्या पाठीमागे तिसरी उशी सरकवली. आडवं झालं की मारिवेलला दम लागायचा, म्हणून दोन दिवस ती बसूनच झोपत होती. खाटेच्या पायथ्याशी डॉक्टर आबेया कागद चाळत उभ्या होत्या.

"गोळी एकही दिवस चुकली नाही?"

"मी स्वतः भरवते," सालूद म्हणाली. "गिळली का ते तोंड उघडायला लावून बघते."

चार महिन्यांपूर्वी सेबूच्या याच इस्पितळात मारिवेलच्या हृदयाची झडप काढून धातूची बसवली होती. लहानपणच्या तापाने जुनी झडप आकसून गेली होती. नवीवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची होती. डॉक्टरांनी तीनदा गोळी वाढवली, तरी रक्त काही पातळ होईना. शेवटी गाठ धरलीच आणि झडप अडकली. गाठ विरघळवायचं औषधही वाया गेलं. उद्या सकाळी छाती पुन्हा उघडायची होती, आणि अशा दुसऱ्या खेपेला दहातले दोघे-तिघे टेबलावरून उठत नाहीत, हे डॉक्टरांनी लपवलं नव्हतं.

"खाणं काय असतं?"

"भात, मासे," आईच्या आधी मारिवेलच बोलली. "कधी पपई."

डॉक्टर मान हलवून निघून गेल्या. सालूदला मात्र ते लागलं. चार महिन्यांच्या तिच्या मेहनतीचं लेकीने नावसुद्धा घेतलं नव्हतं. मारिवेलचा डोळा लागला तसं तिने सलाइन बदलायला आलेल्या नर्सला ऐकवलंच.

"भात-मासे म्हणे. तिकडे घरी, लेटे बेटावरून निघेपर्यंत रोज दोन्ही वेळा शेवग्याच्या पाल्याचं सूप देत होते मी हिला. कापाकापीत गेलेलं रक्त भरून नको यायला? दारचं झाड पार टकलं केलं. शेजारीण म्हणाली, आता झाडालाच इस्पितळात घाल."

नर्स हसली नाही.

"रोज? दोन्ही वेळा?"

"वाडगा भरून."

"मावशी, गोळी रक्त पातळ करते आणि हिरवा पाला गोळीचा जोर घालवतो. म्हणूनच ती लागू पडेना." नर्सचा आवाज खाली आला. "घरी सोडताना आम्ही हे सगळं पेशंटला समजावतो. आपल्या भाषेत छापलेला कागद देतो, त्यावर सही घेतो. हिनेही केली असणार. मला डॉक्टरांना सांगावं लागेल."

ती गेली. सालूद स्टुलावर बसून राहिली. आपल्या हाताने आपण लेकीचा घात केला, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. मान वर केली तर मारिवेल जागी होती.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग खाल्लंस कशाला गं? एकदा तरी नको म्हणायचंस."

मारिवेलने दोनदा श्वास घेतला. "पहिल्या दिवशी म्हणणार होते. पण ऑपरेशनच्या वेळी तू सहा तास बाहेर बसलेलीस. मला म्हणालीस, नुसतं बसवून ठेवलं, पोरीसाठी काही करू दिलं नाही. घरी आलो आणि तू सूप आणलंस. इतकी खूश होतीस. वाटलं, एका वाडग्याने काय होतंय. मग रोज राहूनच गेलं."

सालूदला तिच्यावर ओरडावंसं वाटलं, तिला कुशीत घेऊन रडावंसं वाटलं. दोन्ही जमलं नाही.

नर्स परत आली. "डॉक्टर म्हणाल्या, कळलं ते बरं झालं, पुढे उपयोगी पडेल. उद्याचं मात्र त्याने काही बदलत नाही."

सातच्या सुमारास जेवणाचा ट्रे आला. त्यानंतर मारिवेलला ऑपरेशन होईपर्यंत काही मिळणार नव्हतं. भात होता, आणि माशाचं पातळ सार, वर कांद्याची पात बारीक चिरून टाकलेली. सालूदने वाडगा मांडीवर घेतला आणि चमच्याने पातीचा एकेक तुकडा काढून ट्रेच्या कडेला ठेवू लागली.

"आई, एवढ्याशाने काही होत नाही," मारिवेल म्हणाली. "सार निवेल."

"निवू दे," सालूद म्हणाली, आणि चष्मा लावून वाडग्यावर आणखी वाकली.